वारा सुटला की डोमाजी निघतात

पडद्याचे कापड कापले की काठाची एक अरुंद पट्टी उरते. तिचा उपयोग काहीच नसतो, पण आमच्या कारखान्यात ती कोणी फेकत नाही. "राहू द्या, कामी येईल," असे म्हणून कोपऱ्यात टाकतात. दीड वर्षात त्या कोपऱ्यात कमरेइतका ढीग झाला आहे. किश्श्यांचेही तसेच होते. काम संपते, पडदा ज्याच्या त्याच्या घरी जातो आणि कोणीतरी बोललेले एखादे वाक्य आपल्याकडे उरते. "एम.एस्सी. करून तू शहापूरला नेमके करतेस काय?" असे मैत्रिणी विचारतात, म्हणून आज त्या ढिगातले थोडे बाहेर काढते आहे. जे मी स्वतः पाहिले, ते तसे सांगेन. जे ऐकीव आहे, ते ऐकीव म्हणूनच सांगेन.

आधी पडद्याविषयी दोन शब्द. आमचा पडदा घरात लावायचा नव्हे. तो बाहेर लागतो. घराच्या छपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या तोंडाशी, किंवा दुकानाच्या दर्शनी बाजूला. वर एक डबा असतो आणि त्यात जाड जाळीचे कापड गुंडाळलेले असते. हँडल फिरवले की ते खाली उतरते. दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे चॅनेल असतात आणि कापडाची कड त्यांत चेनसारखी अडकून राहते. खाली एक जड दांडा असतो. त्यामुळे वारा धडकला तरी नीट बसवलेला पडदा फुगतो, पण फडफडत नाही. फडफड ऐकू आली, तर कड चॅनेलमधून सुटली असे समजायचे. आमच्या धंद्यातले निम्मे ज्ञान एवढेच आहे. उरलेले निम्मे डोमाजींकडे आहे.

कारखाना सुमनताईंचा. डोमाजी त्यांचे सासरे. सुमनताई त्यांना मामाजी म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकेही त्यांना मामाजीच म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने उभे आयुष्य ताडपत्री शिवली. शेतातले धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या भाताचे रचलेले ढीग, झाकायची, राइस मिलच्या पोत्यांवर टाकायची. चौकटी बसवायला प्रकाशभाऊ नावाचे फिटर आहेत. आणि मी.

* * *

मुलाखतीला सुमनताईंनी माझी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारले, "वाऱ्याचं शिकल्या का काही?"

मी सांगितले की, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा दाब साधारणपणे चौपट होतो.

कोपऱ्यात ताडपत्रीच्या कडेला कड्या ठोकत बसलेल्या डोमाजींचा हातोडा थांबला. "चौपट?"

"साधारणपणे," मी म्हणाले.

"तरीच," ते म्हणाले. "मी पुंजण्याले दुप्पट दोऱ्या बांधत होतो जी. तरी ताडपत्री उडून जाये, अन् लोक मले म्हणत, डोमाजीच्या गाठी ढिल्या हायत."

चाळीस वर्षांच्या आरोपातून कोणीतरी निर्दोष सोडावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला नोकरी मिळाली.

नोकरीचे खरे स्वरूप मात्र सुमनताईंनी मला बाहेर, रस्त्याच्या कडेला नेऊन सांगितले. "मामाजी चार महिन्यांपहिले शिडीवरून पडले. हात मोडला होता, आता जुळला. पण शिडी काही सोडून नाही राहिले. आता मापं तुम्ही घ्या. वर तुम्ही चढा, नाहीतर प्रकाश. फक्त त्यायले असं वाटलं नाही पाहिजे, का आपलं काम काढून घेतलं."

"आणि तसे वाटले तर?"

"तं ते जेवत नाहीत," सुमनताई म्हणाल्या. "सासूबाई गेल्यापासून त्यायले हे एक कामच हाय."

एखाद्याचे काम त्याच्या नकळत हलकेच काढून घेणे, हे माझे पद. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात याविषयी एकही प्रकरण नव्हते.

* * *

डोमाजी टेप वापरत नाहीत. ते सुतळी ताणतात आणि जिथे माप येते तिथे गाठ मारतात. कारखान्याच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग आहे आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका घराची सुतळी लटकते. त्यांवर चिठ्ठी नसते. "ही दिघोरीच्या दवाखान्याची, ही साकोलीच्या कापड दुकानाची," असे ते नुसत्या गाठीवरून सांगतात.

मी येताना लेझरचे यंत्र आणले होते. महामार्गावरच्या शेंडेभाऊंच्या ढाब्याचे माप हे माझे पहिले काम. शिडीवर चढून मी वरच्या कडेचे माप तीनदा घेतले, त्यांची सरासरी काढली आणि मिलिमीटरपर्यंत लिहिली. डोमाजींच्या सुतळीचे माप माझ्यापेक्षा बोटभर कमी भरले. कापड अर्थातच यंत्राच्या मापाने कापले गेले.

पडदा बसवायच्या दिवशी प्रकाशभाऊंनी हँडल फिरवले. पडदा ऐटीत उतरला, छातीपर्यंत आला आणि अडकला.

शेंडेभाऊ हातात पोळ्यांची टोपली घेऊन बराच वेळ पाहत राहिले. "मॅडम, अर्धाच ठेवायचा हाय का? तसं बरं हाय म्हणा. बाहेरून पाय मोजले का किती ताटं लावायची ते समजते."

मी एकाच जागी तीनदा मोजले होते. डोमाजींनी तीन जागी एकदा मोजले होते, वर, मध्ये आणि खाली, आणि जिथे भिंती सर्वांत जवळ येतात तिथे गाठ मारली होती. त्यांनी मला बोल लावला नाही. शेंडेभाऊंनाच म्हणाले, "यंत्र बरोबर सांगते जी. पण भिंत तिरपी हाय, हे यंत्राले तुम्ही सांगितलं होतं का?"

त्या दिवसापासून एक पद्धत ठरून गेली. सुतळीचे वरचे टोक शिडीवर मी धरायचे, खालचे जमिनीवर त्यांनी, आणि गाठ त्यांनी मारायची. शिडी कोणी काढून घेतली नव्हती, तरी ते खाली उभे राहू लागले. हे पाहून सुमनताई मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही चुकल्या ते बरं झालं."

* * *

एकोडीच्या गुरुजींचा किस्सा आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला जातो. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीने कधी शिकवले नाही, पण गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणते. त्यांची छपरी पश्चिमेला उघडते. दुपारनंतर ऊन थेट आत येते, पावसाळ्यात पाऊस येतो, म्हणून पडदा घेतला.

या जाळीचा एक गुण आहे. दिवसा आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही. मास्तरीणबाई त्यावर फार खूश होत्या. तलावाकडे कोण गेले, कोणासोबत गेले आणि किती वेळाने परतले, हे सारे त्यांना तांदूळ निवडता निवडता कळू लागले.

चौथ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "मॅडम, पडदा संध्याकाळी उलटा होते."

मी सविस्तर समजावले. ज्या बाजूला उजेड अधिक, ती बाजू दुसरीकडून दिसते. संध्याकाळी घरात दिवा लागला की आतले बाहेर दिसणारच. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे दोष पडद्याचा नाही, दिव्याचा हाय. समजलं. पण झालं ते झालं ना."

"काय झाले?"

"काल सातच्या सुमारास छपरीत जेवाले बसलो. रस्त्यावरून जाणारा शेजारी म्हणे, 'गुरुजी, वांग्याच्या फोडी पानातून काढून खिशात काहून टाकून राहिले जी?' मले वांगं चालत नाही. तिले वाईट वाटंल म्हणून लग्नापासून सांगितलं नव्हतं. घरात कोणाले दिसलं नाही, ते गावाले दिसलं."

फोन स्पीकरवर होता. डोमाजी पुढे वाकून म्हणाले, "गुरुजी, बाहेरच्या अंगाले एक बल्ब लावा, मंग नाही दिसणार." आणि क्षणभर विचार करून, "बाई रागावल्या का?"

"नाही जी," गुरुजी म्हणाले. "रडली. म्हणे, इतकी वर्षं धुतलेल्या खिशाले तेलाचे डाग काहून असत, ते आज समजलं."

* * *

वॉरंटीचा कागद मी तयार केला. मला अचूक बोलायची सवय आहे. त्यामुळे कोणत्या परिस्थितीत पडद्याची जबाबदारी आमची आणि कोणत्या परिस्थितीत नाही, हे लिहिता लिहिता दोन पाने झाली. साकोलीच्या कापड दुकानाच्या मालकीणबाईंनी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. असे करणारे गिऱ्हाईक मला तोवर भेटले नव्हते.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "याच्यात वाऱ्यानं काय काय नाही करायचं, ते लिहून हाय. मंग हा कागद वाऱ्याले द्या ना. मले कायले?"

मग त्या डोमाजींकडे वळल्या. "मामाजी, तुमचं काय म्हणणं हाय?"

"पहिलं वावधन आलं का मी येतो," डोमाजी म्हणाले. वावधन म्हणजे आमच्याकडचे वादळ.

मालकीणबाईंनी माझा कागद घडी करून परत दिला. डोमाजींचे बोलणे ठेवून घेतले.

* * *

ते बोलणे अक्षरशः खरे होते, हे मला नंतर कळले. नव्या पडद्यावर पहिले वावधन आले की डोमाजी तिथे जातात. कापडी पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, तेलाची बाटली आणि डोक्याला बांधायचा दुपट्टा. तिथे पोहोचून ते आतल्या बाजूने पडद्यावर तळहात टेकवतात आणि उभे राहतात. पडदा नीट असला तर चहा घेऊन परततात. शिडीवरून पडले होते तेही अशाच एका वावधनात, हे सुमनताईंनी मला सांगितले तेव्हा मुलाखतीच्या दिवशीचा त्यांचा धास्तावलेला स्वर मला पुरता समजला.

ढाब्याच्या पडद्याची पाळी आली ती एका एप्रिलच्या दुपारी. आभाळ एकाएकी पिवळे झाले, वारा सुटला आणि डोमाजी कारखान्यात नव्हते. सुमनताईंनी मला पुढे पाठवले. महामार्गावरचे बोर्ड खडखडत होते. मी पोहोचले तेव्हा डोमाजी ढाब्याच्या आत उभे होते. अंगावर भिजलेल्या कपड्यांऐवजी कोण्या ट्रक ड्रायव्हरची कोरडी लुंगी, शेंडेभाऊंचा ढगळ शर्ट, उजव्या हातात भजे आणि डावा तळहात पडद्यावर.

"हात लावून पाहा, बाई," ते म्हणाले.

मी हात टेकवला. कापड श्वास घेतल्यासारखे माझ्या हातावर येत होते आणि मागे जात होते, पण कड जागची हलत नव्हती. दाब चौपट होतो हे मी परीक्षेत अनेकदा लिहिले होते. तळहाताला ते पहिल्यांदाच कळले.

थोड्या वेळाने सुमनताई आल्या. छत्री उलटी झालेली, पदर चिंब. शेंडेभाऊंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "यापुढे वारा सुटला तं आधी फोन करत जा जी. पडदा चांगला हाय म्हणून सांगत जा. नसला तरी."

शेंडेभाऊंनी हे पुढे किती जणांना सांगितले, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्यांच्या ढाब्यावर साऱ्या जिल्ह्यातले लोक जेवायला थांबतात, एवढेच मला माहीत आहे.

* * *

त्यापुढचे वावधन आले तेव्हा डोमाजी चपला घालून दारात उभे होते. पिशवी खांद्याला. तोच दिघोरीच्या दवाखान्यातून फोन आला. "पडदा एक नंबर हाय. मामाजींले पाठवू नका."

डोमाजींनी पिशवी खाली ठेवली. मग साकोलीच्या कापड दुकानाचा फोन. "मामाजींले सांगा, घरीच राहा म्हणावं. इकडं काही नाही." डोमाजींनी एक चप्पल काढली. मग शेंडेभाऊ. ढाबा तर इथून हाकेच्या अंतरावर. तरी त्यांनी फोनच केला.

डोमाजींनी दुसरी चप्पल काढली आणि बाकावर बसले. "सगळेच चांगले हायत," ते म्हणाले. "एखादा तरी बिघडाले पाहिजे होता."

प्रकाशभाऊ हसले. डोमाजींच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हसू आवरले.

त्या रात्री ते जेवले नाहीत, असे सुमनताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले. पुढचे चार दिवस कारखान्याकडे फिरकलेही नाहीत. एक माप घ्यायचे होते, ते मी आणि प्रकाशभाऊंनी सुतळीनेच घेतले, तीन जागी. पण गाठ मारायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

सुमनताई कापड कापता कापता मध्येच म्हणाल्या, "मी त्यायले वाऱ्यातून वाचवलं, का कामातून उठवलं, हेच मले समजून नाही राहिलं."

माझे पद तेच होते.

* * *

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पुन्हा आभाळ भरले. डोमाजी आले. पिशवी खांद्याला, दुपट्टा डोक्याला घट्ट बांधलेला.

"प्रकाश, गाडी काढ. एकोडीले जाऊ. गुरुजींच्या पडद्यानं अजून वावधन पाहिलं नाही."

"मामाजी, एकोडी किती लांब हाय," सुमनताई म्हणाल्या. "मोटरसायकलवर, असल्या वाऱ्यात? रस्त्यानं झाडं पडतात."

"मी शब्द दिला हाय."

"फोन येईल ना त्यायचा."

"आला तरी जाईन," डोमाजी म्हणाले. "फोनवर पडद्याले हात लावता येते का?"

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिले. मी प्रकाशभाऊंकडे पाहिले. प्रकाशभाऊंनी किल्ली खिशातून काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. शेडवरचे पत्रे वाजू लागले होते.

तेवढ्यात फोन वाजला. गुरुजीच होते. सुमनताईंनी तो स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला.

"मामाजी हायत का? नमस्कार जी. पडदा एकदम मस्त हाय. हलूनही नाही राहिला."

त्यांच्या आवाजामागून दुसरा एक आवाज येत होता. फडफड. थोडी थांबून पुन्हा फडफड. आम्ही चौघांनीही तो ऐकला.

"इकडं तसा वारा नाहीच म्हणा ना," गुरुजी म्हणाले. हे त्यांना ओरडून सांगावे लागत होते.

मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "अहो, आटपा लवकर. माझ्या एकटीच्यानं दांडा धरून नाही होऊन राहिला."

डोमाजी फोनवर वाकले. "बाई काय म्हणतात जी?"

"काही नाही, काही नाही. चहाले बोलावून राहिली."

फडफड चालूच होती.

"बरं," ते म्हणाले. "घ्या मंग चहा. मी इथं निवांत बसून हाय."

फोन बंद झाला. डोमाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला.

"डाव्या अंगाचं चॅनेल हाय. खालून दुसरा स्क्रू. तिथली वीट भुसभुशीत हाय, मी बसवतानाच पाहिली होती. लांब स्क्रू लागंल. उद्या सकाळी वारा पडला का प्रकाशले घेऊन जाजा."

"तुम्हीही चला ना, मामाजी," मी म्हणाले. दीड वर्षात असे मी पहिल्यांदाच म्हणत होते. "शिडीवर मी चढते. तुम्ही फक्त पाहा."

सुमनताईही घाईने म्हणाल्या, "जा ना मामाजी. सकाळी वारा नसते."

डोमाजींनी मान हलवली.

"नाही जी. मी गेलो तं गुरुजी खोटे पडतील. तुम्ही जा, बाई. सहज आलो म्हणजा."